बायकोचा खांदा आणि परभणीचा डॉक्टर

माझ्या बायकोचा उजवा खांदा आखडला आणि मी माझ्या पोराच्या वयाच्या एका माणसावर जळायला लागलो. तो परभणीतला फिजिओथेरपीचा डॉक्टर. आम्ही राहतो पूर्णा जंक्शनला. दिवसाआड सकाळच्या गाडीनं मी तिला त्याच्याकडं घेऊन जायचो.

"जयभीम काकू, आज कसं हाय?" तो दारातच विचारायचा. मग मला, "जयभीम काका, बसा." म्हणजे माणूस आपलाच, नावं ठेवायलाही जागा नाही. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचो. घरात काही विचारलं तर "काय न्हाई" एवढंच म्हणणारी माझी बायको त्याच्यापुढं घडाघडा बोलायची. थंडी सुरू झाली तेव्हापासून दुखतंय, त्या कुशीवर झोपता येत नाही, वेणी घालता येत नाही, पदर पाठीवरून ओढून घेता येत नाही. यातलं मला काहीच माहीत नव्हतं.

"काका, दुखतंय म्हणून काकू रात्री उठून बसतात का हो?"

"बसत असल," मी म्हणालो.

"यांचं घोरणं चालू असतंय," ती म्हणाली, आणि दोघं हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मग शेक, मग कसल्याशा मशीनच्या पट्ट्या, मग भिंतीवर बोटांनी वर वर चढायचं. "आणखी थोडं काकू. वा!" हे 'वा' तर माझ्या डोक्यातच जायचं. मी तिच्या हातच्या खमंग ज्वारीच्या धपाट्यांनासुद्धा कधी वा म्हणालो नव्हतो, आणि हा भिंतीवर इंचभर बोट सरकलं की म्हणायचा.

एक दिवस तो म्हणाला, घरी काकांनी मदत करावी. काकू पाठीवर झोपतील, तुम्ही त्यांचा हात धरून हळूहळू डोक्याकडं न्यायचा, ताण आला की थांबायचं. मी मनातून खूश झालो. यात शिकवण्यासारखं काय होतं? माझी सगळी नोकरी रेल्वेच्या केबिनमध्ये सिग्नलचे लिव्हर ओढण्यात गेली. लिव्हर अर्धवट ओढून चालत नाही, तो खटकन बसला पाहिजे, नाहीतर गाडी स्टेशनाबाहेरच उभी राहते. त्याच संध्याकाळी मी तिला खाटेवर झोपवलं, पाय रोवले आणि हात वर नेला, तो बसेपर्यंत सोडायचाच नाही असा. ती अशी किंचाळली की शेजारीण हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आली.

"सोडा वो! माझा हात हाय, लिव्हर न्हाई!"

पुढच्या खेपेला तिनं हे सगळं माझ्यादेखत त्याला सांगितलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो गोड हसून म्हणाला, "राहू द्या काका, काकू आपल्या आपण करतील." रिटायर झाल्यावर पुन्हा एकदा मला कामावरून काढलं. त्यानंतर तिनं मला हात लावू दिला नाही. गाडीतून उतरताना मी हात पुढं केला तरी ती डाव्या हातानं दांडाच धरायची. मला ते फार लागलं. खांदा बरा होतच होता, पण तिनं तो हात पुन्हा माझ्या हातात द्यावा, एवढीच माझी इच्छा होती.

परतीच्या गाडीत मी शेवटी विचारलं, "त्याला सगळं सांगतीस, मला का न्हाई?"

"तो इचारतो. आन् माझं बोलून होईपर्यंत गप बसतो."

"ते त्याचं कामच हाय."

"मग तुमचं काय काम हाय?" ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

उन्हाळ्यात तिचा हात सरळ वर गेला. "आता यायची गरज नाही," डॉक्टर म्हणाला. तिनं त्याच्यासाठी डबाभर धपाटे नेले होते. तो खाताखाता वा म्हणाला, पण त्या दिवशी मी ते हसत ऐकून घेतलं. पेढे वाटायचेच काय ते बाकी होते.

पावसाळ्यात एका दुपारी आम्ही चहा पीत बसलो होतो. ती म्हणाली, "डावा खांदा दुखायलाय."

झालं, पुन्हा ती गाडी आणि पुन्हा तो. "जाऊ उद्या तुझ्या डॉक्टरकडं," मी तोंड फिरवून म्हणालो.

"जाऊ की. पर त्याला अजून ठावं न्हाई. आदी तुमाला सांगायलेय."

मी कप खाली ठेवला. "सांग," एवढंच म्हणालो. ती कुठं दुखतं, कसं दुखतं ते सांगत राहिली, आणि बायकोचा दुसरा खांदाही गेला म्हणून मला एवढा आनंद झाला की माझी मलाच लाज वाटली.