दूध न पिणारी धोंडुबाई

कोल्हापुरात ‘मी दूध पीत नाही’ असं सांगण्यापेक्षा ‘मी चोरी केली’ म्हणून सांगावं. चोराला निदान वकील तरी मिळतो. धोंडुबाईला एवढी अक्कल नव्हती, आणि त्यात तिचा धंदाच दुधाचा. रोज संध्याकाळी ती आणि तिचा नवरा सयाजी गंगावेशीच्या कट्ट्यावर दोन म्हशी आणून उभ्या करत. धार ती काढायची, पेले तो भरायचा. गिऱ्हाइकांनी दिलेल्या शिव्या दोघांत वाटून घेतल्या जात.

एकावन्न सालच्या उन्हाळ्यात थोरल्या म्हशीचं रेडकू मेलं आणि म्हैस पान्हा सोडेना. सयाजीनं सगळे करतात तेच केलं. रेडकाच्या कातड्यात पेंढा भरला, काठ्यांचे पाय लावले आणि ते सोंग म्हशीपुढं उभं केलं. म्हैस पेंढ्याला चाटायला लागली, दूध उतरलं, सयाजी खूश झाला. धोंडुबाईनं मात्र त्या दिवसापासून दूध, दही, ताक, तूप काही तोंडाला लावलं नाही. मटण तिच्या मुरगूडच्या माहेरीच वर्ज्य होतं. आता उरली भाकरी, हुलग्याची आमटी, शेंगदाण्याची चटणी आणि मिळेल ती भाजी. खायचं नाही तेच विकायचं, हे तिलाही खुपायचं; पण घर त्यावरच चालत होतं.

वर्षभर हे खपून गेलं. मग दत्तोपंतांना ते दिसलं. पंत म्हणजे पेन्शनीत निघालेले कारकून; पेलाभर दूध प्यायचे आणि घागरभर उपदेश करायचे. धार काढणाऱ्या धोंडुबाईच्या नखांवर त्यांना पांढरे ठिपके दिसले. लहान पोरं बगळ्यांकडे नखं नाचवून असले ठिपके मागतात. पंतांनी मात्र कुठल्याशा मासिकात वाचलं होतं, की अंगात चुना कमी पडला म्हणजे नखं अशी होतात.

“दूध पीत नाहीस वाटतं?” त्यांनी चारचौघांत विचारलं.

“न्हाय. वरीस झालं,” धोंडुबाई म्हणाली. खोटं बोलायचं तिला वेळेवर सुचलंच नाही.

शेजारी वखारवाला हंबीरराव दुसरा पेला पीत होता. त्यानं तो खाली ठेवला. “सवताच्या म्हशीचं सवता पीत न्हाय, आन् आमास्नी पाजतीया?”

झालं. कुणी म्हशीला रोग लावला, कुणी धोंडुबाईला कोड. सयाजीनं पेला भरून तिच्या तोंडापुढं धरला आणि सगळ्यांदेखत पी म्हणून दरडावलं, नाहीतर उद्यापासून कट्टा बंद. धोंडुबाई पेल्याकडे बघत होती. मग तिची नजर पेला धरलेल्या बोटांवर गेली. तिनं नवऱ्याचं मनगट पकडून हात उजेडात वर केला.

“ह्यांची नखं बघा. हे दोन्ही येळ शेरभर पित्यात. मग ह्यांस्नी कशानं आलं?”

तिच्याहून ठसठशीत ठिपके होते. मुद्दा बिनतोड होता. पण बिनतोड मुद्दा हंबीररावाच्या डोक्यात शिरला की त्याचं काय होईल, हे सांगता येत नसे.

“दोघास्नीबी?” तो म्हणाला. “म्हंजे दुधातनंच येतंय की हे.”

लगेच जो तो आपली नखं बघायला लागला. ज्यांना ठिपका सापडला ते सगळ्यांत मोठ्यानं ओरडले. पंतांनी चुन्याचा सिद्धांत मुकाट्यानं गिळला, दूध मात्र गटारात ओतलं. बघता बघता गिऱ्हाईक पलीकडच्या म्हशींभोवती गोळा झालं.

सयाजीचा पेला अजून तसाच पुढं होता. “आत्ता पी. मी बोलावतो त्यांस्नी माघारी.”

“हातपाय बांधून पाजा,” धोंडुबाई म्हणाली. “माज्या हातानं मी पिनार न्हाय.”

त्यानं मुरगूडच्या तिच्या साऱ्या गणगोताचा उद्धार केला. तिनं तो शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि म्हशी सोडून घराकडे हाकल्या. दुसऱ्या दिवशी सयाजी एकटाच म्हशी घेऊन कट्ट्यावर गेला. म्हशींनी त्याला कासेला हात लावू दिला नाही. रात्री तो घरी आला तेव्हा धोंडुबाई परातीत भाकरी थापत होती. त्यानं रिकामी बादली दाणकन आपटली. तिनं थापलेली भाकरी तव्यावर टाकली.