मीही पुन्हा विचारलं नाही

दादा गेल्यावर सात महिने मी दत्ताच्या देवळात पाऊल टाकलं नाही. इतकी वर्षं क्वचितच एखादा गुरुवार चुकवणारा मी देवावर चिडलो होतो. माझा मोठा भाऊ प्रोस्टेटच्या कॅन्सरनं गेला. हाडांपर्यंत पोचल्यावर कळलं. लघवीचा त्रास दोन वर्षं होता, पण त्यानं वहिनींनाही सांगितलं नाही. मी एकदा विचारलं, तर ‘वय झालं’ म्हणून विषय बदलला. मीही पुन्हा विचारलं नाही. आमच्याकडे गुडघे, साखर, बीपी यांवर जेवताना चर्चा चालते. कमरेखालचं मात्र कुणी बोलायचं नाही. एवढा शिकलेला माणूस लाजेपायी गेला. देवाला तर सगळं दिसत होतं ना? मग तो गप्प का बसला?

एका गुरुवारी संध्याकाळी शेवटी गेलो, ते जाब विचारायला. पण आरतीत मला मध्येच लघवीला उठावं लागलं. थोड्या वेळानं पुन्हा. परतताना बाहेरच्या बाकावरच्या एका गृहस्थांनी हाक मारली. जवळच्या पादरा गावाहून आलेले गुजराती, माझ्याच वयाचे. “भाई, आ केटला वखतथी छे?” हा त्रास कधीपासून आहे, असं त्यांनी हळूच विचारलं.

मला संताप आला. ओळख ना पाळख, आणि हे काय विचारणं! वय झालं, असं मी तुटकपणे म्हणालो, आणि दादाचेच शब्द माझ्या तोंडून ऐकून जागीच थबकलो. ते गृहस्थ रागावले नाहीत. मोडक्या मराठीत म्हणाले, “मला कोणी विचारलं नाही. आता औषधावर दिवस काढतो. म्हणून मी विचारतो.” मग मी त्यांच्याशेजारी बसलो आणि दादाबद्दल सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच सांगितलं की भावाला होतं, तर तुम्ही तपासून घ्या.

घरी येऊन बायकोला सांगितलं. पीएसए नावाची रक्ततपासणी झाली, मग बायॉप्सी. डॉक्टर म्हणाले, लघवीचा त्रास वाढलेल्या ग्रंथीचा, वयामुळेच. पण तपासलं म्हणून आतला छोटा कॅन्सर सापडला. तो ग्रंथीबाहेर गेलेला नव्हता. ऑपरेशन झालं, आणि आज मी बरा आहे. ते गृहस्थ मला पुन्हा दिसले नाहीत. नावही विचारायचं राहिलं. त्यांना कुणी पाठवलं, यावर मी वाद घालत नाही. दत्तासमोर उभा राहिलो की डोळे भरून येतात, एवढं खरं.

राग मात्र गेलेला नाही. तो आता आमच्या लाजेवर आहे, आणि माझ्यावर. देवावर सोपवणं म्हणजे तोंड मिटून बसणं, असं मी आयुष्यभर समजत आलो. आता वाटतं, आधी सगळं उघड बोलावं, तपासावं, आणि मग जे हाती नाही ते त्याच्या पायाशी ठेवावं. परवा वहिनींना आणि दादाच्या मुलाला जेवायला बोलावलं. तो पन्नाशीचा आहे. सगळ्यांसमोर, पानावरच, मी त्याला लघवीच्या त्रासाबद्दल विचारलं. त्यानं मान खाली घातली. वहिनी म्हणाल्या, “सांग रे, काका विचारताहेत.”