“बरं शे, मॅडम”

“मॅडम, यास्ले एकना दोन दिखी ऱ्हायनात.”

फोनवर कोकिळाबाई होत्या. सकाळचे अकरा वाजले होते, माझी ओपीडी भरलेली होती.

“काय दोन दिसतंय?” मी विचारलं.

“ताट दोन, दार दोन, मी बी दोन. आन् चालतस ते दारू पियेल मानूसनागत.”

त्यांचे मिस्टर हिलालभाऊ दारूला शिवत नाहीत, हे मला माहीत होतं. समोरच्या पेशंटला मी दोन मिनिटं बाहेर बसायला सांगितलं आणि दार लावून घेतलं.

मी नंदुरबारला डायटिशियन आहे. लठ्ठपणाची ऑपरेशनं आमच्या हॉस्पिटलमध्ये होत नाहीत, ती सुरतेला होतात. तिथले सर्जन, आमचे सर, महिन्यातून एकदा आमच्याकडे येतात आणि इकडचे पेशंट तपासतात. ऑपरेशनआधी पेशंट तयार करायचा आणि नंतर त्याच्या खाण्यापिण्यावर लक्ष ठेवायचं, हे काम माझं.

हिलालभाऊ असेच आमच्याकडे आले. गाव कळसाडी, वय चव्वेचाळीस. घरचा ऊस आणि कापूस धाकटा भाऊ बघतो. हे आचारी. आजूबाजूच्या गावांत लग्न असलं की वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी यांच्याच हातची. पहिल्यांदा आले तेव्हा वजन एकशे चौतीस किलो होतं. शुगर होती, गुडघे गेले होते. पण त्यांना आणलं होतं ते दुसऱ्याच कारणाने. त्यांना उभ्याउभ्या झोप लागायची. झोपेत श्वास अडकायचा, त्यामुळे रात्रीची झोप पुरी व्हायची नाही आणि दिवसा डोळे मिटायचे. एका लग्नात भट्टीशेजारी डुलकी लागली आणि कोपर उकळत्या तेलाला लागलं.

“आज कोपर जयनं, उद्या कढईमा पडतीन,” कोकिळाबाई सरांना म्हणाल्या. “ऑपरेशन करी टाका.”

सरांनी स्लीव्ह सुचवली. मी कागदावर चित्र काढून दोघांना समजावलं. पोटाची पिशवी उभी कापायची, केळ्याएवढी नळी ठेवायची, बाकीचा भाग काढून टाकायचा. तो परत बसवता येत नाही. त्यानंतर चार घासांत पोट भरतं. व्हिटॅमिनच्या गोळ्या मात्र जन्मभर.

“जन्मभर?” हिलालभाऊंनी विचारलं.

“जन्मभर.”

“चाली.”

ऑपरेशनआधीचे दोन आठवडे फार महत्त्वाचे असतात. जाड माणसाचं लिव्हर चरबीने फुगलेलं असतं आणि ते पोटाच्या पिशवीवर आडवं पडलेलं असतं. दोन आठवडे तेल, साखर, पीठ बंद केलं की ते आकसतं आणि सर्जनला हात घालायला जागा मिळते. हे मी सांगितलं तेव्हा हिलालभाऊ डोकं हलवत ऐकत होते. मग म्हणाले, “मॅडम, त्या दोन आठवडास्मा मन्हा पाच लगनं शेतस. चव कशी लेऊ?”

“चव घ्यायची आणि थुंकायचं.”

त्यांचा चेहरा पडला. “अन्न थुकू?”

ते त्यांना जमणार नव्हतं. शेवटी कोकिळाबाईंनी तोडगा काढला. पाचही लग्नांना त्या सोबत गेल्या. हिलालभाऊ मसाला टाकायचे, त्या चमच्याने चाखायच्या आणि सांगायच्या, मीठ कमी, तिखट पुरे. हे ताक पिऊन खुर्चीवर बसायचे. पाचव्या लग्नात मुलीच्या बापाने भाजीची तारीफ केली तेव्हा हिलालभाऊंनी बायकोकडे बोट दाखवलं, हे त्यांनीच मला हसतहसत सांगितलं. तंबाखू तर त्यांनी महिनाभर आधीच सोडली होती. सात किलो वजन उतरवून हा माणूस सुरतेला गेला. माझ्या वहीत इतका शिस्तीचा पेशंट दुसरा नव्हता.

ऑपरेशन छान झालं. चौथ्या दिवशी घरी आले. गावात त्यांनी हर्नियाचं ऑपरेशन म्हणून सांगितलं. स्वयंपाकावर पोट भरणाऱ्या माणसाने जेवण कमी करायला ऑपरेशन केलं म्हटलं तर लोक हसतील, असं त्यांना वाटायचं. मी त्यात पडले नाही.

नंतरचं खाणं पायरीपायरीने असतं. आधी पाणी, तेही घोट घोट. मग पातळ डाळ, ताक, प्रोटीन पावडर. मग मिक्सरमधून काढलेलं. मग मऊ. डिस्चार्जनंतर मी त्यांना समोर बसवून एक वाक्य ठासून सांगितलं होतं. सगळ्यांनाच सांगायचे. “उलटी झाली म्हणजे समजा, तुम्ही जास्त खाल्लं.”

मग दर सोमवारी मी फोन करायचे.

“कसं आहे हिलालभाऊ?”

“बरं शे, मॅडम.”

“वजन?”

वजन ते घरच्या काट्यावर बघून सांगायचे. ते झपाट्याने उतरत होतं. सातव्या आठवड्यात मी त्यांना फोनवर शाबास म्हटलं. फॉलो-अप शीटवर टिक केली आणि पुढचा नंबर लावला.

त्याच आठवड्यात कोकिळाबाईंचा हा फोन आला.

“उलटी होते का त्यांना?” मी विचारलं.

“रोज.”

“कधीपासून?”

“वीस दिन व्हई गयात. पाणी बी टिकत नही.”

“गोळ्या?”

“त्या बी उलटीमा पडतस. मंग यास्नी बंद करी दिन्ह्यात.”

मी उभी राहिले. जे पुस्तकात वाचलं होतं आणि एकाही पेशंटमध्ये पाहिलं नव्हतं, ते समोर येत होतं. बी-वन नावाचं एक व्हिटॅमिन आहे, थायमिन. शरीरात त्याचा साठा जेमतेम काही आठवड्यांचा असतो. साखर जाळून ताकद तयार करायला ते लागतं आणि सगळ्यात जास्त लागतं मेंदूला. ते संपलं की डोळे तिरळे होतात, चाल बिघडते, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. वेळेत दिलं तर माणूस बराचसा सावरतो. उशीर झाला तर विसराळूपणा कायमचा राहतो, कधी जीवही जातो.

“आत्ता कुठे आहात तुम्ही?”

“शहादाले. दवाखानामा. डॉक्टर बाटली लावी ऱ्हायनात.”

“कसली बाटली?”

ते त्यांना कुठून माहीत असणार? अशक्त पेशंटला आपल्याकडे ग्लुकोजची बाटली लावतात. एरवी त्यात काही चूक नाही. पण थायमिन संपलेल्या माणसाला आधी ग्लुकोज दिलं तर ते जाळायला उरलंसुरलं थायमिनही खर्च होतं आणि मेंदू आणखी उपाशी पडतो.

“फोन डॉक्टरांना द्या. लगेच.”

डॉक्टर तरुण वाटले. आवाज कामात असलेल्या माणसाचा होता.

“बोला.”

“डॉक्टर, ग्लुकोज लावू नका. साधं नॉर्मल सलाईन लावा. आधी शिरेतून थायमिन द्या.”

“कोण बोलतंय?”

“मी नंदुरबारची डायटिशियन. शेख.”

“डायटिशियन.” त्यांनी तो शब्द एकदा म्हणून पाहिला. “मॅडम, पेशंट पूर्ण कोरडा पडलाय. हर्नियाचं ऑपरेशन झालंय, उलट्या होताहेत. मला माझं काम करू द्या.”

“हर्निया नाही डॉक्टर. स्लीव्ह झालीय त्यांची. सात आठवड्यांपूर्वी. वीस दिवस उलट्या आहेत आणि व्हिटॅमिन बंद आहेत. त्यांचे डोळे बघा, बाजूला बघायला सांगितलं की थरथरतात का.”

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. लांबून त्यांचा आवाज ऐकू येत होता, इकडे बघा, माझ्या बोटाकडे बघा. मी भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बघत होते. मग ते परत आले.

“थरथरतायत.” आवाज बदलला होता. “स्लीव्हचं मला कुणी सांगितलंच नाही हो. थायमिन खालच्या मेडिकलमध्ये मिळेल. ग्लुकोज अजून लावलं नव्हतं, ती बाटली मी बाजूला ठेवली. पुढे?”

“सुरतेला पाठवायचं. मी सरांशी बोलते.”

सर ऑपरेशनमध्ये होते. मी मेसेज टाकला आणि मॅनेजरकडे गेले. त्यांनी ओपीडीच्या गर्दीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “जा. मी सांगतो सगळ्यांना.” तेवढ्यात सरांचा फोन आला. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. ग्लुकोज गेलं का? नाही. थायमिन गेलं का? हो, तसा शहाद्याहून निरोप आला होता. “मग तूही ये त्यांच्याबरोबर,” ते म्हणाले.

शहाद्याहून ॲम्ब्युलन्स नंदुरबारला आली तेव्हा मी रस्त्यावर उभी होते. हिलालभाऊंना पाहून मला धक्का बसला. गाल आत गेले होते, डोळे दोन दिशांना. मला त्यांनी ओळखलं नाही. खांडबारा मागे पडलं तरी ते लग्नाच्या भट्टीवर असल्यासारखे एकच विचारत होते, “बट्ट्या भुंजायन्यात का? वऱ्हाड उनं ना.” कोकिळाबाई त्यांचा हात धरून दर वेळी सांगत होत्या, “भुंजायन्यात. तुम्ही पडा.” त्या एकदाही रडल्या नाहीत. मीच खिडकीबाहेर बघत बसले.

सुरतेला थायमिन चालूच ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे सरळ झाले होते. मी आत गेले तर हिलालभाऊ म्हणाले, “मॅडम, तुम्ही आठे कशा काय?” मी दारातूनच हाक मारून कोकिळाबाईंना आत बोलावलं.

दुर्बीण घालून पाहिलं तेव्हा उलट्यांचं कारण कळलं. नव्या नळीत मध्येच एक जागा आखडली होती. असं कधीकधी होतं. सरांनी आतून फुगा घालून ती रुंद केली. जास्त खाण्याचा त्यात काहीही संबंध नव्हता.

सरांनी मला बाहेर बोलावलं. हातात माझी फॉलो-अप शीट होती.

“शेख, इथे सात टिक आहेत.”

“हो सर. ते दर वेळी बरं आहे म्हणाले.”

“तू काय विचारलं होतंस?”

“कसं आहे.”

सरांनी कागद घडी करून मला परत दिला. “मीही फक्त वजन बघत होतो,” ते म्हणाले. “मलाही ते छानच वाटलं.” एवढंच. ओरडले असते तर सोपं गेलं असतं.

हिलालभाऊ जरा बसायला लागल्यावर मी त्यांना विचारलं, मला का नाही सांगितलं?

ते ओशाळले. “तुम्हीच सांगेल व्हतं, उलटी व्हयनी म्हंजे जास्त खाधं. मी तं तीन चमचाच खायेल व्हता. पन तुम्ले खरं वाटतं का? आचारी मानूस.” मग हळूच म्हणाले, “तुम्ही शाबास म्हणनात, मंग तं सांगाले जीभच उठनी नही.”

माझंच वाक्य आणि माझीच शाबासकी. मी त्यांची माफी मागितली. त्यांनी हात जोडले, तो आणखी त्रास.

ही गोष्ट होऊन दोन वर्षं झाली. हिलालभाऊंचं वजन आता अठ्ठ्याऐंशी आहे. शुगरची गोळी बंद झाली, दिवसा झोप येत नाही. चाल सुधारायला पाच महिने लागले. ओबडधोबड जमिनीवर अजून जपून पाय टाकतात, ते कदाचित तसंच राहील. विसरत मात्र काही नाहीत. गावालाही त्यांनी खरं सांगून टाकलं. कुणी फारसं हसलं नाही, उलट दोघे जण त्यांच्याच ओळखीने आमच्याकडे आले. कोकिळाबाई आता प्रत्येक लग्नाला बरोबर असतात. ऑर्डर नवऱ्याने घ्यायची आणि चव बायकोने बघायची, अशी वाटणी झालीय आणि दोघंही खूश आहेत.

मी माझी शीट बदलली. “कसं आहे” हा प्रश्न काढून टाकला. आता मी विचारते, काल सकाळपासून पोटात काय काय गेलं, त्यातलं बाहेर किती आलं, लघवी किती वेळा झाली, गोळ्यांचं पाकीट हातात घ्या आणि उरलेल्या मोजून सांगा. शक्यतो बायकोला किंवा नवऱ्यालाही फोनवर घेते. उलटी झाली तर तुमची चूक असो नसो, मला त्याच दिवशी कळवा, असं सांगते. एका फोनला पंधरा मिनिटं जातात. पेशंट वैतागतात. परवा तळोद्याच्या एक बाई म्हणाल्या, “मॅडम, पोलीस बी इतलं इचारत नहीत. सांगनं ना, बरं शे.”

“बरं,” मी म्हटलं. “आणि लघवी किती वेळा?”