लिंबाची एक एकर बाग आणि लांबून आलेले पाहुणे

सेंद्रिय शेतीच्या सरकारी गटात मी आमची एक एकर लिंबाची बाग घातली, ती धाकट्या दिरांच्या मनाविरुद्ध. श्रीगोंद्याकडच्या आमच्या रानात बाकी सगळा ऊस. दुसऱ्या वर्षी लिंबं बारीक पडली आणि भाऊजींना जोर चढला.

"वहिनी, आज सरकार एक एकर लिहून घेतंय, उद्या हुकूम काढून सगळ्या रानाचं खत बंद करंल. नाव काढून घ्या."

मी हो-नाही करत राहिले. खरं तर तीच धास्ती मलाही होती.

त्या हिवाळ्यात कृषी महाविद्यालयातर्फे नेपाळ आणि श्रीलंकेचे काही शेतकरी आमच्या गटाची शेतं बघायला आले. दुभाषी म्हणून महाविद्यालयातलीच एक विद्यार्थिनी होती, शिवाय आमच्या गावचे कृषी सहायक. नेपाळचे एक वयस्कर पाहुणे शेणखताच्या खड्ड्यापाशी उकिडवे बसले, मूठभर खत हुंगलं आणि हसले. म्हणाले, "आमच्याकडे दुकानातल्या सेंद्रिय खताच्या गोणीवर सूट मिळते. घरच्या खड्ड्याला कोण विचारतो?"

"आमच्याकडं गट लागतो, तीन वर्षं दम धरावा लागतो, तेव्हा कुठं सेंद्रियचा दाखला मिळतो," मी म्हटलं. "अन् कागदांचं तर विचारूच नका."

पाहुण्यांत श्रीलंकेच्या एक बाई होत्या. भातशेती करणाऱ्या, माझ्याच वयाच्या. बांधावर थांबून त्यांनी विचारलं, "हे करायला तुम्हाला कुणी भाग पाडलं?"

"कुणी न्हाई. अर्ज आमीच केला."

"आणि तो ऊस?"

"त्याला खत घालतो की." सांगताना मी ओशाळले.

त्या मात्र माझ्याकडे हेव्यानं बघत होत्या. "आमच्याकडे एका हुकमात देशभर रासायनिक खत बंद झालं. काही महिन्यांनी हुकूम मागे घेतला, पण माझा हंगाम गेला तो गेलाच. मला शेणखताचं वावडं नव्हतं हो. आधी एका तुकड्यावर करून बघू दिलं असतं, तर!"

चहाची किटली घेऊन उभे असलेले भाऊजी एकदम कृषी सहायकांकडे वळले. "साहेब, उद्या आमाला ह्यातनं निघायचं म्हणलं तर?"

"तर निघायचं. सक्ती कुठंय? अर्ज तुमचा, रान तुमचं. बाकीच्या उसाशी ह्या योजनेचा संबंधच नाही."

दोन वर्षांत हा साधा प्रश्न आम्ही कुणालाच विचारला नव्हता. नुसतेच घाबरत बसलो होतो. मला इतकं हलकं वाटलं की मी तिथंच बांधावर बसले आणि हसत सुटले. भाऊजीही हसले, मग काही न कळता नेपाळचे पाहुणेसुद्धा.

बाई निघाल्या तेव्हा भाऊजींनी हात जोडले. विद्यार्थिनीला म्हणाले, "त्यास्नी सांगा, तुमच्यावर आलं ते लई वाईट झालं. पर आमचा घोर गेला."

पुढच्या आठवड्यात त्यांनी न सांगता ट्रॉलीभर शेणखत बागेत आणून टाकलं. नाव काढायचं पुन्हा कुणी बोललं नाही.