शनिवारी पुलापाशी बैल आणा

बेलार्मिनो ओयार्सो आमच्या नदीवर तराफा चालवतो. तारेला बांधलेला तराफा, त्यावर एक लॉरी किंवा दोन छोट्या गाड्या मावतात. या काठावरून त्या काठावर, त्या काठावरून या काठावर. 'आयुष्यात कुठवर गेलास?' असं कुणी विचारलं तर म्हणतो, "पुष्कळ लांब. पण सगळं एकाच नदीत."

लोक त्याच्याशी बोलतात ते नदी ओलांडेपर्यंत. मग गाडी सुरू होते, हात हलतो, धूळ उडते. त्याच्या सगळ्या ओळखी नदीएवढ्याच रुंद. लग्न केलं नाही. करायचं राहिलं, असं तो म्हणतो. जणू कुंपणाची एक तार ओढायची राहिली. घरी आई, दोन्या एदेल्मिरा; 'दोन्या' म्हणजे मानाने 'बाई'. खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून ती पलंग ते चूल आणि चूल ते खिडकी एवढीच चालते, तीही त्याच्या दंडाला धरून.

गेल्या वर्षी शहरातल्या डॉक्टरने तिच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली आणि सांगितलं की पुढच्या हिवाळ्यानंतर उजेड की अंधार एवढंच कळेल.  घरी आल्यावर 'माते'चा, म्हणजे आमच्याकडच्या कडू चहाचा, पोकळ भोपळा हातात घेतला, नळीने एक घोट ओढला आणि मीठ संपलंय म्हणावं तशा सुरात म्हणाली, "मग या उन्हाळ्यात वरच्या तळ्यावर जाऊ."

वरचं तळं म्हणजे तोर्सिदो दरीच्या टोकाचं. समोरच्या कड्यावरून हिमनदीचा बर्फ थेट पाण्यात उतरलेला. तिचा संसार तिथला, बेलार्मिनोचा जन्म तिथला, नवऱ्याची कबर तिथली. रस्ता दरीच्या तोंडाशी असलेल्या पुलापर्यंतच जातो. पुढे घोड्याची पायवाट, चिखल, ओढे आणि लेंगा नावाच्या झाडांचं रान.

"आई, तुला घोड्यावर बसवू कसं?"

"तू पोटात होतास तेव्हा बसतच होते की."

"तेव्हा खुबा एका तुकड्यात होता."

"तेव्हा तुझं तोंडही बंद होतं."

थोरली बहीण नोल्फा सरहद्दीपलीकडे, कोमोदोरोला असते. बेलार्मिनोने तिला फोन लावला. ती ओरडली ते मलाही ऐकू आलं. मी गावच्या रेडिओवर काम करते; तेव्हा अंडी घ्यायला त्यांच्याकडे गेले होते.

"मिनो, वेड लागलंय का तुला? म्हातारं माणूस ते! तू एकटा जा आणि व्हिडिओ काढून दाखव तिला."

"तिला विचार, ती कधी येतेय," मागून आई.

"ख्रिसमसला म्हणते."

"कुठल्या?"



मग बेलार्मिनो कामाला लागला. भंगारातल्या एका बसमधून पाठीला उंच टेका असलेली सीट काढून आणली. तिला लाकडी चौकट ठोकली, हात बसवले, कमरेला घोड्याच्या खोगिराचा पट्टा लावला, वर मेंढीची कातडी. आईला न्यायचं ठरवलं ते ओंडक्यांच्या घसरगाडीवर. चाकं नसतात तिला; बैल ओढतील तिकडे ती दगडांवरून सरपटते. तशी घसरगाडी आणि तसे बैल दरीत आता एकाकडेच उरलेत, रोसामेल वेराकडे. पण आईला डुलणं सोसेल की नाही, हे आधी बघायला हवं होतं. म्हणून त्याने खुर्ची तराफ्यावर बांधली.

महिनाभर रोज दुपारी दोन्या एदेल्मिरा घोंगडी पांघरून नदी ओलांडायची. उतरायची नाही. परत यायची. गाडीतले लोक खाली मान घालून हसायचे.

"बाई, कुठे निघालात?" एकाने विचारलं.

"तुझ्याआधी पोचणार तिथे," ती म्हणाली.

कुणी फोटो काढायला लागलं की ती हात पुढे करायची, पैसे मागितल्यासारखा. तिला मळमळलं नाही, चक्करही आली नाही. उलट चेहऱ्यावर तजेला आला. बेलार्मिनो एंजिनापाशी उभा राहून तिच्याकडे बघायचा आणि मला म्हणायचा, "यास्ना, जमेल बघ. जमेल." हे तो स्वतःलाच सांगत असायचा, मी आपली शेजारी उभी.

मला त्याने सोबत येण्याविषयी विचारलं ते तराफ्याकडे बघतच. "वाटेत... म्हणजे तिला... बाईमाणूस असलेलं बरं."

"आडोशाला ताडपत्री घ्या," मी म्हटलं, "बाकी माझ्यावर सोडा."

त्याने सुटकेचा एवढा मोठा निःश्वास टाकला की मला वाटलं, हे वाक्य तो आठवडाभर पाठ करत असणार.

पुलाच्या पलीकडे, वर दरीत, टेलिफोन नाही. तिथल्या लोकांना काही कळवायचं तर आमच्या रेडिओवरून निरोप जातो. संध्याकाळी मी वाचते: अमक्याने घोडा आणावा, तमकीला मुलगा झाला, लोकर घ्यायला लॉरी येणार नाही. उत्तर येत नाही. ऐकलं की नाही ते माणूस दारात उभं राहिलं की कळतं.

बेलार्मिनोने मला सांगितला तो निरोप असा: रोसामेल वेरा यांना. दोन्या एदेल्मिराला वरच्या तळ्यावर न्यायचं आहे. शनिवारी सकाळी पुलापाशी बैल आणि घसरगाडी आणा. बेलार्मिनो.

"खुर्चीचं घालू का?" मी विचारलं.

"कशाला? खुर्ची माझी मी आणतोय."

"फिरायला जातोय, असं?"

"अगं, फिरायला असं रेडिओवर कोण सांगतं? हसतील लोक."

मी निरोप वाचला. माझं बालपण समुद्राकाठच्या गावात गेलं. दरीतलं मला तेव्हा सगळं ठाऊक नव्हतं. बेलार्मिनोला ठाऊक असायला हवं होतं, पण त्याचं डोकं महिनाभर त्या पट्ट्याच्या बकलात अडकलं होतं. आई मात्र खिडकीशी बसून ऐकत होती. त्याने मला नंतर सांगितलं, निरोप संपल्यावर तिने रेडिओ बंद केला, अंगावरची घोंगडी हलेपर्यंत हसली आणि म्हणाली, "माझा निळा झगा काढून ठेव. चांगला."

शनिवारी आम्ही पुलापाशी पोचलो तर कठड्याला ओळीने घोडे बांधलेले. वीसेक माणसं उभी. टोप्या हातात. एका बाईकडे मेणबत्त्यांची पिशवी, एकाच्या खोगिरामागे सोललेलं कोकरू पोत्यात गुंडाळलेलं. रोसामेलचे दोन्ही बैल, क्लावेल आणि नोब्ले, घसरगाडीला जुंपून तयार. आणि घसरगाडीवर लेंगाच्या हिरव्या फांद्या पसरलेल्या.

"आज इथे काय आहे?" बेलार्मिनो गाडीतून उतरत म्हणाला. "घोड्यांचा बाजार?"

रोसामेल पुढे आला, त्याला मिठीत घेतलं आणि सोडेना. "काय बोलू, बेलार्मिनो. मोठी बाई होती."

"कोण?"

तेवढ्यात गाडीची काच खाली झाली.

"रोसामेल, दाढी तरी करायचीस. मयताला असं येतात का?"

मेणबत्त्यांची पिशवी खाली पडली. कुणीतरी छातीवर क्रुसाची खूण केली, मग घाईने दुसऱ्यांदा केली. दोन्या एदेल्मिरा निळ्या झग्यात, केस विंचरून, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती.

मला तिथेच समजलं, रोसामेलच्या बायकोने समजावलं. दरीत जितं माणूस घोड्यावर जातं. आजारी पडलं तर खाली आणतात. बैलांची घसरगाडी बोलावून वर नेतात ते फक्त आपल्या माणसांशेजारी झोपायला. असा निरोप आला की मेलं हा शब्द कुणी उच्चारत नाही. कुदळी घेतात आणि निघतात.

आधी एकजण हसला. मग सगळे हसले, फार हसले, आणि मग एकदम कुणालाच काय करावं सुचेना.

"दोन्या, तुम्ही धडधाकट आहात, आनंद आहे," पोतंवाला म्हणाला. "पण मग हे कोकरू..."

"ते तर मेलंय ना? भाजा त्याला."

बेलार्मिनोचे कान लाल झाले होते. तो खिडकीशी वाकला. "तुला कळलं होतं?"

"निरोप ऐकला तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस? मी दुसरा निरोप दिला असता!"

"दिला असतास. आणि मग आज इथे तू, मी, ही पोरगी आणि दोन बैल." तिने डोळे बारीक केले. "कोण कोण येतं ते बघायचं होतं. मिनो, त्या तिकडे लाल गाडी आहे ती कुणाची?"

"शाळेच्या मास्तरांची."

"अच्छा."

एवढंच. पण ती लाल गाडीकडे पुन्हा एकदा बघत राहिली, जणू तिच्यातून मास्तरांऐवजी सरहद्दीपलीकडचं कुणीतरी उतरावं.

हळूहळू घोडे सुटायला लागले. एकाचं गवत कापायचं राहिलं होतं. एकाची गाय व्यायला झाली होती. प्रत्येकजण काचेशी येऊन तिचा हात हातात घेऊन जात होता, खरोखर मायेने.

"मेले असते तर उद्यापर्यंत थांबला असतास, नाही का रे?" ती गवतवाल्याला म्हणाली.

तो बुटांकडे बघत उभा राहिला. "दोन्या, मयताला थांबावंच लागतं, इलाज नसतो हो."

"जा, जा. गवत भिजेल."

शेवटी रोसामेल, त्याची बायको आणि कोकरू एवढे उरले. बेलार्मिनोने फांद्या काढल्या, खुर्ची ओंडक्यांवर दोरांनी जखडली, आईला उचलून बसवलं, पट्टा आवळला. रोसामेलने बैलांच्या पाठीवर काठी टेकवली.

वाट मी सांगत बसत नाही. खुर्ची टिकली. ताडपत्री कामाला आली. ओढ्यात बैल खुराने दगड चाचपत एकेक पाऊल टाकत होते, पाणी घसरगाडीवर चढत होतं, बेलार्मिनो कमरेइतक्या पाण्यात खुर्ची धरून चालत होता आणि आई वरून म्हणत होती, "तराफा यापेक्षा बरा चालवतोस तू."

तळ्यावर पोचलो तेव्हा ढग होते. रोसामेलने घसरगाडी पाण्यापाशी आडवी लावली. आम्ही थांबलो. वारा आला, ढग उठले आणि समोरचा कडा उघडा पडला.

उघडा म्हणजे उघडाच. करडा, ओला खडक. बर्फ होता तो खूप वर, खांद्यावर टाकलेल्या पंच्यासारखा.

दोन्या एदेल्मिरा पुढे झुकली. "पांढरं दिसतंय. वर पांढरं, खाली पण पांढरं?"

बेलार्मिनो तिच्यामागे उभा होता. "हो."

"पाण्याला टेकलाय ना?"

"टेकलाय, आई."

तिने मान तिरकी केली. कान पाण्याकडे लावला. एक पाणकोंबडी ओरडली तेवढीच.

"मग आवाज का नाही?" ती म्हणाली. "तू लहान असताना दिवसभर तुटून पाण्यात पडायचा. तू घाबरून चुलीमागे जायचास. डोळे गेलेत माझे, कान नाही."

 रोसामेलने टोपी काढली. "वर गेलाय, दोन्या. दर वर्षी थोडा थोडा."

"तोही वर गेला?" ती म्हणाली. "त्याला बैल कुणी आणले?"

हसलो आम्ही. हसणं पाण्यावरून पलीकडे गेलं आणि खडकावरून परत आलं. पूर्वी, बर्फ असताना, येत नसणार.

बेलार्मिनोने मातेचा भोपळा रिकामा केला, तळ्यात बुडवला आणि तिच्या ओठांशी धरला. ती प्यायली. दात दुखल्यासारखं तोंड केलं. "हं. हे तेच आहे."

रात्री कोकरू खाल्लं. सकाळी ती नवऱ्याच्या कबरीपाशी न्या म्हणाली. शेजारी ताजा खड्डा होता, नीट चौकोनी, बाजूला मातीचा ढीग. दरीतल्या पोरांनी शुक्रवारीच खणून ठेवला होता.

"माफ करा, दोन्या," रोसामेल कुदळ उचलत म्हणाला. "आत्ता बुजवतो."

"हात लावू नकोस. वर फळ्या टाक." तिने रोसामेलच्या काठीने कडा ठोकून पाहिली. "माणसं दोनदा खणायला येत नाहीत."

"आई!" बेलार्मिनो म्हणाला.

"काय आई? माती बरी आहे. दगड काढलेत पोरांनी."

खाली पुलापाशी आलो तेव्हा बेलार्मिनोचा फोन खिशात एकामागून एक वाजायला लागला. नोल्फा. बोलून पाठवलेले निरोप. त्याने फोन कानाला लावला.

"मोठ्याने लाव," आई म्हणाली.

पहिल्यात नुसतं रडणं. मला का नाही कळवलंस, मिनो, गावातल्या लोकांकडून कळावं मला? दुसऱ्यात बसचा आवाज: निघालेय, दुपारी सरहद्दीवर पोचेन, माझ्यासाठी थांबा, मी येईपर्यंत माती टाकू नका. तिसऱ्यात ती हसत होती आणि रडतही होती. "अरे, तुमच्या रेडिओवर फोन लावला तर म्हणतात आई सहलीला गेलीय! जीव घ्याल माझा. नाक्यावरूनच परत फिरले रे, उद्या कामावर जायचंय. आईला म्हणावं, ख्रिसमसला नक्की. नक्की."

फोन गप्प झाला.  बेलार्मिनो आईच्या तोंडाकडे बघायला धजत नव्हता.

"सरहद्दीपर्यंत आली म्हणजे," दोन्या एदेल्मिरा म्हणाली.

"फोन लावू तिला?"

"नको. दमली असेल." तिने झग्यावरचा वाळका चिखल नखाने खरवडला. "खड्डा उघडा ठेवला ते बरं झालं. पुढल्या वेळी पोचेल."

बेलार्मिनोने खुर्ची सोडवून गाडीच्या मागे चढवली. तराफ्यावर आल्यावर तिला गाडीतच बसू देता आलं असतं, थंडीही होती. पण त्याने खुर्ची पुन्हा खाली उतरवली, नेहमीच्या जागी बांधली, आईला तिच्यात बसवलं आणि एंजिन सुरू केलं. पलीकडच्या काठाला टेकल्यावर ती उतरायचं म्हणाली नाही. त्यानेही विचारलं नाही. त्याने गाडी तेवढी काठावर लावली, मी उतरल्यावर मला हात केला आणि तराफा परत नदीत घातला.