शेराचं कुंपण

आमचे हे गेले, त्यांनाही हे कळलं नाही. लेकीला नाही, नातीला नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते नका विचारू.

आधी त्या बाईची ओळख करून देते. म्हणजे पन्नाशीतल्या माझी. गिरगावातल्या दीड खोलीतून ही बाई हाटकेशच्या नव्या वस्तीत तळमजल्यावर राहायला आली, दारापुढे चार पावलं माती मिळाली, आणि बाईसाहेबांना वाटलं, आपण जमीनदार झालो! मोगरा लावला, अनंत लावला. आणि कुंपणाशिवाय जमीनदार कसला?

आधी बांबूच्या कामट्या बांधल्या, त्या कुजल्या. मग काटेरी तार ओढली, तर पहिल्याच दिवशी माझाच पदर टरकन फाटला. काचा रोवूया म्हटलं, तेव्हा हे म्हणाले, "अगं, फुलं राखतेयस की तिजोरी?" शेवटी कंबरेएवढी लोखंडी जाळी ठोकून घेतली. कुत्री थांबली, भटक्या गाई थांबल्या. हात तेवढा थांबेना.

हात कुसुमताईंचा. शेजारच्या दारातल्या. मूळच्या जालन्याकडच्या, नवरा नोकरीला. रोज सकाळी जाळीवरून हात घालून मोगऱ्याची चार फुलं घ्यायच्या, घरातल्या बुद्धमूर्तीपुढे ठेवायला. लपूनछपून नाही हं — मी खिडकीत दिसले की हसून म्हणायच्या, "घेतली हो ताई!"

वरच्या जोशीकाकू तर परडी भरून न्यायच्या. ती मला कधी चोरी वाटली नाही. का नाही वाटली? — ओळखलंत तुम्ही. मलाही कळत होतं. तोंडानं मात्र म्हणायचे, झाडाला त्रास होतो.

त्या मे महिन्यात एकटीच कोकणात माहेरी गेले. तिथं कुंपणांना काय तोटा! भावाभावांच्या हद्दीवर चिऱ्यांचा गडगा, भाजीच्या वाफ्याभोवती काट्यांची वई. आणि गुरांच्या वाटेला शेर. पानं नाहीत, नुसत्या हिरव्या पेन्सिलीसारख्या कांड्या. गुरं तोंड लावत नाहीत, कारण मोडला की पांढरा चीक गळतो. आमच्याकडचं शेंबडं पोरही जाणतं — हा चीक डोळ्यात गेला तर डोळा जातो. मी पिशवी भरून कांड्या आणल्या आणि जाळीला लागून, बरोबर मोगऱ्यापुढे खोचल्या.

काय वाटलं होतं मला? हाताला जरा खाज सुटेल, बाईला धडा मिळेल — एवढंच. एवढंच? डोळ्याचं तर मला माहीत होतं. कुसुमताईंनी विचारलंही होतं, "हे कसलं झाड हो ताई?"

"शोभेचं," मी म्हणाले.

शेर भराभर फोफावला. एका सकाळी दारावर थाप पडली. कुसुमताई. एका हातात फुलं, दुसरा हात उजव्या डोळ्यावर. "ताई, बघा ना, डोळ्यात काय उडालंय. लई आग होतेय."

नळ माझ्या मागेच होता. धुवा, धुवत राहा, पळा डॉक्टरकडे — इतकंच म्हणायचं होतं. पण ते म्हणणं म्हणजे मला ठाऊक होतं हे कबूल करणं. मी म्हटलं, "कचरा गेला असेल. चोळू नका. डोळा मिटून जरा पडा, बरं वाटेल." आणि त्या गेल्या. माझं ऐकून — माझं! — घरी जाऊन पडून राहिल्या.

संध्याकाळी त्यांचा नवरा धावत आला. "वहिनी, डॉक्टर विचारतायत, ते झाड कुठलं?"

"नर्सरीवाल्यानं दिलं. नाव कोण विचारतंय?"

तेव्हा तरी सांगितलं असतं तर डोळा वाचला असता का? माहीत नाही. मी सांगितलं नाही, हे माहीत आहे. बुबुळावर हळूहळू पांढरं धरत गेलं, आणि डोळा गेला.

चीक उडाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी सगळा शेर उपटला होता. दोन्ही हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून, डोळ्यांवर यांचा चष्मा चढवून. स्वतःचे डोळे किती जपले बघा शहाणीनं! नाव माहीत नसलेल्या झाडाला बाई एवढी का घाबरते, हे कुणाच्याच मनात आलं नाही. उलट कुसुमताई गहिवरल्या. "माझ्यापायी ताईंनी आपलं कुंपण काढून टाकलं," असं त्या आजही सांगतात. सुनेला सांगितलं, व्याह्यांना सांगितलं, भाजीवाल्याला हिंदीतून सांगितलं. "शेजारीण असावी तर अशी."

परवा त्यांच्याकडे पाहुणे आले होते, त्यांनाही सांगितलं. मी तिथंच होते. सोफ्यावर त्यांच्या उजव्या बाजूला बसले होते. नेहमी तिथंच बसते. तिथून मी त्यांना दिसत नाही.