आधी तू मार

"आधी तू मार," ताई म्हणायच्या आणि कुर्त्याची बाही वर करून दंड पुढे करायच्या. "जोरात. मग मी तुझा पाय ओढणार. हिशेब बरोबर."

समोरचं पोर कधी चापट मारायचं, कधी गुद्दा, कधी सरळ चावायचं. त्यांचे दंड कायम हिरवे-निळे. एखादी नवी शिक्षिका दबक्या आवाजात विचारायची, "घरी काही त्रास आहे का हो?" ताई खो खो हसायच्या. "घरी कोण मारणार? लग्न कुठं केलंय!"

कोपरखैरण्याच्या आमच्या शाळेत मी पीटीचा सर. माझ्या बॉल-दोरखंडांच्या खोलीतच अर्ध्या भागात ताईंची फिजिओथेरपी चालायची. तुम्हीही असं कुणी पाहिलं असेल, स्कूटीच्या मागे भला मोठा रबरी बॉल बांधून सकाळी एका शाळेत, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी लोकांच्या घरोघरी पळणारं. एवढी शिकलेली बाई, पण पगार नाही. पोरामागे पैसे. पोर आलं नाही तर तेही नाहीत. मे महिन्यात शाळा बंद, की ताईंची चूलही बंद. "सर, पोरांना सर्दी झाली की ताप मला येतो," म्हणायच्या. मला असा संताप यायचा! वर जाऊन भांडलोही मी. 'बजेट नाही' यापलीकडे गाडी गेली नाही.

यातलीच एक पोर. सात वर्षांची. जन्मापासून पोटऱ्या आखडलेल्या, टाचा अधांतरी. वॉकर धरून चवड्यांवर चालायची. रोज पाय ताणले नाहीत तर टाचा आणखी वर जाणार आणि मग चालणंच बंद, असं ताई सांगायच्या. ताण दिला की ती जिवाच्या आकांतानं ओरडायची. आईबाप समोर असले की पोरं दुप्पट रडतात, म्हणून ताई आतून कडी लावून घ्यायच्या.

तीच कडी नडली. एके दिवशी पोरीचा बाप युनिफॉर्म घ्यायला आला. गावठाणातला, तीन चाळींचा मालक, अंगानं दांडगा. पोरीची किंकाळी ऐकली, दार बंद. एका लाथेत कडी उखडली. आत पोर गादीवर, तिच्या मांडीवर ताईंचा गुडघा.

"काय करतंस गो माजे पोरीला?"

दाराशी पोरीचाच लोखंडी वॉकर होता. तो उचलून त्यानं हाणला. ताईंनी उजवा हात आडवा घातला, स्वतःच्या नाही, खाली पडलेल्या पोरीच्या डोक्यावर. दार फुटल्याचं ऐकून मी मैदानावरून धावलो होतो. दारात पोचलो तेव्हा ताईंचं मनगट कडकन मोडलं. पुढचा फटका पाठीवर, त्यापुढचा कानाजवळ. गादीवर रक्त. मी त्याची मान धरून त्याला भिंतीवर आपटलं. त्याचे दातच घशात घालणार होतो, तेवढ्यात पोर किंचाळली,

"बाबा, मी तिला आदीच मारलंय! तू कशाला मारलंस?"

ताई स्टाफवर नव्हत्या, त्यामुळे ना रजा, ना औषधाचा खर्च. वर संस्थेनं कळवलं, पालक बिथरतात, आता येऊ नका. चला पोलिसांत, मी म्हटलं. ताईंनीच अडवलं. "तो आत गेला तर पोरीला शाळेत कोण आणणार?"

पावसाळाभर खोलीत थेरपी नाही. पोरीच्या टाचा वर वर चालल्या. पायरीवर आपटून ओठ फाटला. डॉक्टरांनी ऑपरेशनचं नाव काढलं, तसा बाप माझ्याकडे ताईंचा पत्ता मागायला आला. मी तोंडाला येईल ते बोललो त्याला. मग त्याच्याच गाडीत बसून बापलेकीला घणसोलीला ताईंच्या घरी घेऊन गेलो.

ताईंनी दार उघडलं. प्लॅस्टर निघालं होतं, पण हातात कप धरता येत नव्हता. बापानं पोरीला खाली ठेवलं आणि मान खाली घालून उभा राहिला.

"बाई, आदी तुमी मारा. पोर बोलली, तुमचा नियम हाय."

मला वाटलं, ताई 'असू द्या' म्हणतील. अहो, कसलं काय! डाव्या हातानं अशी कानाखाली काढली की शेजारची दारं उघडली. दुसरी काढली. तिसरीला हात उचलला आणि त्याच रडायला लागल्या.

"माझा हात गेला हो. या हातावर माझं सगळं होतं."

बाप हलला नाही. ताईंनी ओढणीनं नाक पुसलं.

"बसा खाली. तुमचे हात शाबूत आहेत ना? धरा तिचा पाय. असा नाही, टाच मुठीत घ्या."

पोरीनं बापाकडे पाहिलं. "आदी मारू?"

ताईंच्या हातात पकड परत आलीच नाही. आता त्या एका इन्शुरन्सच्या ऑफिसात फोन घेतात. त्यांचा बॉल माझ्या खोलीत आहे. हवा उतरली की मी भरतो, उगाच.

काल बाप पोरीला गेटवर सोडायला आला. दंडावर ताजे दात उमटलेले. "आज चावली, सर," म्हणाला. पोर वॉकर धरून उभी राहिली आणि तिची डावी टाच फरशीला टेकली. जरा वेळच. त्यानं पाहिलं, मी पाहिलं. बघायला ताई तेवढ्या नव्हत्या.